मानसिंगरावांची खुर्ची

वडगाव निंबाळकरच्या दिपालीच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं, आणि ही पोरगी सत्त्याण्णव साली बारामतीत एका छोट्या कंपनीत दूध संघांच्या हिशेबाचे कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहायची. त्याच साली मालक बापूसाहेबांनी इंदापूरची तसलीच एक कंपनी घेतली. तिचे मालक मानसिंगराव अपघातात गेले होते. दोन्हीकडची माणसं एका खोलीत कोंबली आणि त्यांना एकत्र नांदवायचं काम दिपालीच्या गळ्यात मारलं.

इंदापूरकर येताना मानसिंगरावांची फिरती खुर्ची घेऊन आले. बारामतीकरांची रीत अशी, की आधी सगळा प्रोग्रॅम कागदावर लिहायचा, आणि तोही मुकाट्यानं. इंदापूरकर कागदाला शिवत नसत. काही अडलं, की ते मोठ्यानं सांगायचे आणि मानसिंगराव पाठमोरे बसून ऐकायचे. चूक कानावर पडली, की खुर्ची वळायची. आता ते नव्हते, तरी ही मंडळी रिकाम्या खुर्चीलाच सांगत बसायची. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा.

बारामतीच्या भिमानं एकदा खुर्चीवर आपला डबा ठेवला. "मेल्या माणसाला काय इचारता रं?"

इंदापूरच्या सिद्धूनं डबा उचलून दाराबाहेर ठेवला. "तुमच्या कागदाला तरी कुठं कान हायेत?"

झालं. तेव्हापासून दोन्हीकडचं बोलणं बंद.

अशात नवा प्रोग्रॅम चुकू लागला. संध्याकाळचं दूध दुसऱ्या दिवसाच्या हिशेबात जमा होई. बापूसाहेब दिपालीला म्हणाले, "शनवारपतुर जमलं न्हाय, तर इंदापूरची माणसं माघारी." इंदापूरकरांना समजावून बारामतीत आणणारी तीच. तिच्या शब्दावर सिद्धूनं बायकोसह बारामतीत बिऱ्हाड थाटलं होतं.

तिचे वडील सावळारामतात्या म्हणायचे, "दोन कळप एक करायचं, तर आधी एका पाण्यावर आणावं." शुक्रवारी दुपारी वीज गेली, पंखे थांबले, आणि तिनं सगळ्यांना खुर्चीभोवती बसवलं.

"भिमा, नव्या प्रोग्रॅमचा तुझा कागद वाच. मोठ्यानं. खुर्चीला."

"मॅडम, चेष्टा करताय व्हय?"

"वाच म्हणते ना."

तिनं मनाशी एक बेत केला होता. चूक शेवटच्या पानावर असावी, असा तिचा अंदाज. तिथं भिमा आला, की पायानं चाक हळूच ढकलायचं. लबाडीच होती, पण मेंढक्याच्या पोरीला तेवढी माफ असावी.

भिमा हसत हसत वाचू लागला. शांत खोलीत त्याचा आवाज त्यालाच परका वाटू लागला, आणि हसू विरलं. दुसरं पान अर्धं झालं असेल. खुर्ची कुरकुरली, आणि सावकाश वळून त्याच्यासमोर थांबली.

भिमाचं बोट त्याच ओळीवर राहिलं. "आयला... हितं दिवस आधीच बदलतोय. संध्याकाळचं दूध धरायच्या आधीच."

सिद्धू जन्मात पहिल्यांदा कागदावर वाकला. दोन डोकी एका ओळीवर आली. वीज आली तशी दोघांनी मिळून ती ओळ बदलली, आणि शनिवारी हिशेब चोख लागला. इंदापूरची माणसं राहिली. सोमवारी भिमा स्वतः खुर्ची पुसत होता.

जाता जाता सिद्धू दिपालीला हळूच म्हणाला, "मॅडम, तुमचा पाय दिसला मला चाकापाशी. कुणाला बोलायचो न्हाय. लई उपकार झालं."

दिपालीनं नुसती मान हलवली. कसं सांगणार त्याला? शेवटचं पान तेव्हा अजून यायचं होतं. तिचा पाय हललाच नव्हता.