गोण्या लादलेला पितळी बैल

त्या पितळी बैलाची आठवण आली की आजही माझी मान खाली जाते.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. आठवडी बाजारात सेलवर चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या मोटारी आल्या होत्या. लेकरे जुनी लाकडी, पितळी खेळणी टाकून देत होती, आणि शहरातले शौकीन तीच शोधत फिरत होते. अशात एका मोठ्या घरातून चाकांचा जुना पितळी बैल चोरीला गेल्याची फिर्याद आली.

चौथ्या दिवशी आखाडा बाळापूरच्या बाजारातला एक खेळणीवाला स्वतःहून ठाण्यात आला.

"साहेब, तांड्यावरच्या एका बाईकडं तसाच बैल हाय. मी डोळ्यानं पाह्यला."

बंजाऱ्यांचा तांडा म्हटल्यावर मी पुढे काही विचारलेच नाही. भर सकाळी जीप नेली. महिला शिपायाने त्या पन्नाशीच्या बाईला सगळ्यांदेखत गाडीत बसवले. पंचनामा करून बैल जप्त केला.

"खरं बोल, कुठून चोरला?" ठाण्यात मी दरडावले.

"चोरला न्हाई, साहेब. आमचे आजे बैलांवर मीठ लादून गावोगाव जायचे. त्यांनीच लेकरांसाठी ओतून घेतला."

"पुरावा?"

"खेळण्याची पावती कोन ठिवतं?"

मी आवाज चढवला. दुपारपर्यंत तिला बाकावर बसवून ठेवले. मग फिर्याद देणाऱ्याची म्हातारी आई मुद्देमाल ओळखायला आली. तिने बैल हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला.

"ह्यो आमचा न्हाई. आमच्या बैलाच्या पाठीवर झूल व्हती. ह्याच्यावर तर गोण्या हायत."

फिर्यादीत 'झूल' हा शब्द होता. खाली माझीच सही होती.

आता मी बाईला नीट विचारले. खेळणीवाल्याला तिचा बैल कसा ठाऊक?

"दोन प्लॅस्टिकच्या मोटारी देतो म्हणून मागून राहिला व्हता. म्या दिला न्हाई."

संध्याकाळी त्याच्या दुकानाची झडती घेतली. मोटारींच्या खोक्यांमागे झुलीचा बैल सापडला. चोराकडून त्यानेच तो घेतला होता, आणि आमचे लक्ष दुसरीकडे जावे म्हणून बाईचे नाव पुढे केले होते.

कोर्टाचा आदेश आल्यावर तिचा बैल परत करायला मी एकटाच तांड्यावर गेलो. तिने तो पदराने पुसला.

"नेताना सगळ्यांदेखत नेलं साहेब. आता बी सगळ्यांना बोलावते. ही चोर न्हाई, येवढं तुमी तोंडानं सांगा."

"तशी पद्धत नसते," असे म्हणून मी जीपमध्ये जाऊन बसलो.

त्या तपासाबद्दल वरिष्ठांनी माझे कौतुक केले. स्टेशन डायरीत बाईच्या वाट्याला एकच ओळ आली : 'चौकशी करून सोडून दिले.' पुढे नव्या फौजदारांना मी सांगत असे, खबर देणाऱ्याला आधी तपासा. त्यांना ते पटायचेही. पण मी खरा चुकलो तो तपास संपल्यावर, आणि ते मी कुणालाच सांगितले नाही.

ती बाई चोर नव्हती. आज हे मी घरी बसून लिहितो आहे. तिच्या दारात उभे राहून म्हणायची हिंमत मात्र मला झाली नाही.