तळणीकरांच्या बंगल्यातली रोषणाई

सुलतानपूरच्या बशीर मिस्त्रीनं चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या दारात दिवे लावले. लग्न असो, उरूस असो, गणपती असो की भागवत सप्ताह, लोणारपासून मेहकरपर्यंत कुठंही मांडव पडला की लाइटिंग बशीरभाईचीच. बायको पोरगी झाल्यावर फार दिवस जगली नाही. त्यानं दुसरा निकाह केला नाही. एकुलत्या सबीहाला शेजारणींच्या भरवशावर आणि स्वतःच्या हातच्या जाडजूड भाकरींवर वाढवलं.

तौसिफ मूळचा पिंपळगाव राजाचा. लहानपणीच बाप गेलेला. आई गौसिया गोधड्या शिवून घर चालवायची. आयटीआय करून तो बशीरकडे कामाला लागला, तेव्हा तेवीस वर्षांचा होता. बोलायला कमी, हाताला साफ. दोन वर्षांत बशीरनं त्याला जावई करून घेतला आणि घरातच ठेवला. गावात चार लोक हसले. बशीर म्हणायचा, "मी पोरगी दिली नाही बे, पोरगा आणला."

दोघांच्या कामाची रीत ठरलेली. तौसिफ वर, बशीर खाली बोर्डापाशी. माळा जोडून झाल्या की बशीर हाक द्यायचा, "लावू काय?" वरून "हाव" असा होकार आला की मगच मेन स्विच वर जायचा. पाच वर्षांत कधी चूक झाली नव्हती.

मेहकरचा तळणीकरांचा बंगला हे त्यांचं दर दिवाळीचं काम. शंभर वर्षांपूर्वी कापसाच्या व्यापारात पैसा केलेल्या एका माणसानं हौसेनं बांधलेलं ते घर. रंगीत काचा, सागवानी जिना, जेवणघरात चांदीच्या फुलांचे पाट. वारसांनी ते एका ट्रस्टला दिलं आणि ट्रस्टनं त्याचं संग्रहालय केलं. एरवी शाळांच्या सहली सोडल्या तर कोणी फिरकत नाही. दिवाळीचे आठ दिवस मात्र बंगला नवरीसारखा सजतो आणि बघायला रीघ लागते.

मागच्या दिवाळीत, रोषणाईच्या उद्घाटनाच्या दिवशी दुपारी, तौसिफ दर्शनी भिंतीला लोखंडी शिडी लावून वरच्या कमानीत मोठा कंदील बांधत होता. आदल्या दिवशी पाऊस झाल्यानं भिंत ओली होती. एका वायरचं आवरण पत्र्याच्या कडेला खरवडलं होतं, ते कोणालाच दिसलं नव्हतं. ट्रस्टचे व्यवस्थापक शेखरबाबू चारदा येऊन गेले. "बशीरभाई, फोटोवाला येऊन बसलाय. एकदा लावून दाखवा ना!"

बोर्ड जिन्यामागच्या कोनाड्यात. तिथून शिडी दिसत नाही. बशीरनं हाक दिली, "लावू काय?"

"हाव!"

त्यानं मेन वर केला. वरून ओरडण्याचा आवाज आला नाही. शिडी तेवढी फरशीवर आदळली.

दवाखान्यात कोणीतरी विचारलं, कसं झालं? बशीरच्या तोंडून निघून गेलं, "लाइट गेलेली होती. एकाएकी आली." हे वाक्य त्यानं ठरवून म्हटलं नव्हतं. पण एकदा निघालेलं वाक्य मागे घेता येईना. पोलिसांनी तेच लिहून घेतलं, सबीहानं तेच ऐकलं आणि पिंपळगावहून धावत आलेल्या गौसियानं त्याच लाइटीच्या नावानं छाती बडवली. रोषणाईचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी झालं. दिवे तौसिफनं लावलेलेच होते.

तो "हाव" तौसिफचा नव्हता, हे बशीरला दफनाच्या आधीच कळून चुकलं होतं. आवाज जाडा होता आणि वरून नव्हे, अंगणातून आला होता. कोणाचा, ते शोधायला तो गेला नाही. शोधायचं म्हणजे खरं सांगणं आलं.

सबीहानं विधवेची इद्दत पाळली, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडली नाही. मग ती शिलाई मशीनवर बसली, ती बसलीच. बापाला वेळेवर चहा द्यायची, औषधाची गोळी हातावर ठेवायची. "अब्बा, तुम्ही मनाले लावून घेऊ नका. तुमच्या हातात काय होतं?" असं ती म्हणायची, तेव्हा बशीर उठून बाहेर जायचा. बंगल्याचं काम त्यानं सोडलं. पुढं पुढं सगळंच लाइटिंग सोडलं, आणि पंखे, मोटारी दुरुस्त करू लागला.

यंदा दिवाळी जवळ आली तशी सबीहा एक दिवस म्हणाली, "मले ते घर पाहायचं आहे."

"काय पाहतं तिथं, बेटा? गर्दी असते."

"जागा पाहायची आहे. मी कधी गेलीच नाही. कबर पाह्यली, पण तो कुठून पडला ते डोयासमोर येत नाही माह्या."

बशीरनं आज-उद्या केलं. गुडघा दुखतो म्हणाला, बस भरून येते म्हणाला. शेवटी तिनं खुंटीवरचा बुरखा हातात घेतला. "तुमच्यानं होत नसंल तर मी एकटीच जाते." एकटीला तिथं कोणी काही सांगितलं तर? या धास्तीनंच तो निघाला.

दिवस कलताना ते मेहकरला उतरले. बंगल्याच्या फाटकाला झेंडूची तोरणं होती. आत पाऊल ठेवताच मोठी रांगोळी, तिच्याभोवती पणत्या मांडलेल्या, अजून न पेटवलेल्या. तिकीट घेऊन, चपला काढून दोघं रांगेत लागले. बशीरनं मान वर केली नाही. नवी माणसं, नव्या माळा. कमानीत कंदील होता, तेवढा त्याला न बघताही कळला.

माहिती सांगायला मधुवंती नावाची एक मुलगी होती. सणासाठी नऊवारी नेसलेली, पाठ केलेलं गोड बोलणारी. हे देवघर, हा पाळणा, हा तळणीकरांचा अडकित्ता. दिवाणखान्यात आल्यावर ती म्हणाली, "गावाआधी वीज आली ती या घरात, असं सांगतात. तेव्हापासून दिवाळीत हे घर एकदाही अंधारात राहिलेलं नाही."

सगळे छताकडं बघू लागले. सबीहा मागून म्हणाली, "मागच्या साली एक माणूस मेला इथं. तो कुठून पडला?"

रांगेतले लोक वळले. एका बाईनं लेकराला जवळ ओढलं. मधुवंतीचा चेहरा पडला. "ताई, मी यंदाच लागले हो. मला... मला खरंच माहीत नाही." आणि घाईघाईनं ती जेवणघराकडं वळली. लोक तिच्यामागं गेले. सणासुदीचं असलं काय विचारायचं, असं कोणीतरी पुटपुटलं.

सबीहा गेली नाही. ती मागच्या दारानं अंगणात उतरली आणि भिंतीच्या कडेकडेनं वर बघत चालू लागली. बशीर तिच्यामागं. तेवढ्यात विहिरीपाशी उभा असलेला म्हातारा चौकीदार लगबगीनं पुढं आला. रामराव. बंगल्यावर वीस वर्षं नोकरी केलेला, बशीरच्या ओळखीचा. त्यानं आधी बशीरचे दोन्ही हात धरले, मग सबीहाकडं पाहिलं.

"तौसिफची घरवाली काय हे?"

बशीरनं मान हलवली. "आम्ही निघूनच राह्यलो, रामराव. गाडीचा टाइम झाला."

"थांबा न भाऊ. वर्षभर मी तुमच्या घरी यायचं म्हणतो, पाय उचलत नाही." रामराव सबीहाकडं वळला. "बाई, माह्याच तोंडून गेलं ते. चहावाला इचारत होता, कटिंग ठेवू काय? मी त्याले हाव म्हटलं. तुह्या बापाले वाटलं, पोरगाच हाव म्हणून राह्यला. त्यानं बटन दाबलं. त्याचा दोष नाही, बाई. माह्या मेल्याच्या तोंडाचा दोष आहे."

रामरावला वाटलं, तिनं माफ केलं किंवा केलं नाही, पण ऐकून तरी घेतलं. तो डोळे पुसत पाणी आणायला गेला.

"अब्बा," ती म्हणाली, "लाइट गेली होती ना?"

खोटं अजूनही तयार होतं, वर्षभर वापरून गुळगुळीत झालेलं. म्हाताऱ्याले भ्रम झाला, असं म्हटलं असतं तर कदाचित तिनं ऐकलंही असतं.

"नव्हती गेली," तो म्हणाला.

"कुठं आहे ते बटन?"

तो तिला जिन्यामागं घेऊन गेला. कोनाड्यात लाकडी चौकटीवर मेन स्विच, शेजारी नव्या तारांचं भेंडोळं. ती तिथं उभी राहिली आणि तिनं मान वळवून बाहेर पाहिलं.

"इथून तं शिडी दिसतच नाही."

"नाही दिसत."

"मग दोन पावलं बाहेर येऊन पाह्यलं काऊन नाही?"

याचं उत्तर बशीरनं वर्षभर शोधलं होतं. शेखरबाबू घाई करत होते, फोटोवाला बसला होता, पाच वर्षांत कधी चूक झाली नव्हती. ती सगळी उत्तरं तिच्यासमोर उभी करायची त्याला लाज वाटली. "नाही पाह्यलं, बेटा," तो म्हणाला. "नाही पाह्यलं मी."

त्याच वेळी एक पोरगेला वायरमन आत आला, "सरका चाचा" म्हणाला आणि त्यानं मेन वर केला. बाहेर अख्खा बंगला उजळला. अंगणात उभ्या लोकांच्या तोंडून "वा!" निघालं, टाळ्या पडल्या. सबीहानं कानांवर हात ठेवले.

बसमध्ये ती बायकांच्या बाकावर बसली. बशीर मागं दांड्याला धरून उभा राहिला. घरी आल्यावर तिनं स्वयंपाक केला, त्याचं ताट वाढून ठेवलं आणि पडवीत जाऊन बसली. ताट तसंच राहिलं.

चौथ्या दिवशी तिनं पिशवी भरली. "पिंपळगावले चला. सासूले सांगा. जसं मले सांगतलं तसं."

"सबी, ती म्हातारी मरून जाईन."

"ती रोज लाइटीले शिव्या देते, अब्बा. तिले कोणाले शिव्या द्यायच्या ते तं समजू द्या."

खामगाववरून बस बदलून ते दुपारी पोहोचले. गौसिया ओट्यावर गोधडीला टाके घालत होती. बशीरनं तिच्यासमोर जमिनीवर बसून सगळं सांगितलं. हाक, आवाज, स्विच, खोटं. मध्येच थांबला नाही. गौसियाची सुई आधी चालू होती, मग थांबली. तो गप्प झाल्यावर तिनं फक्त एक विचारलं.

"दफन झालं तवा तू माह्या शेजारी उभा होता. तवा तुले माहीत होतं?"

"हाव."

गौसियानं गोधडी गोळा केली, उठली. "माह्या घरात पुन्हा पाय ठेवू नको," म्हणाली आणि आत गेली. सबीहा उंबऱ्यात उभी होती. ती बापाकडं गेली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "मी इथंच राहते. तिले कोणी नाही."

"मले तरी कोण आहे, बेटा?" असं बशीरच्या तोंडावर आलं होतं. त्यानं ते गिळलं. पिशवी ओट्यावर ठेवून तो एकटाच बसस्टँडवर आला.

मग तो मेहकरच्या पोलीस ठाण्यातही गेला. हवालदारानं ऐकून घेतलं, कागद चाळले आणि म्हणाला, "चाचा, प्रकरण बंद झालं. आता कशाला उकरता? घरी जा." ट्रस्टच्या कचेरीत शेखरबाबू भेटलेच नाहीत. कोणी शिक्षा देईना. शिक्षा मिळाली असती तर बरं झालं असतं, असं बशीरला वाटत राहिलं.

आता तो एकटा राहतो. मशीन सबीहानं मागवून घेतलं, ती जागा रिकामी आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो दुकानाच्या पायरीवर बसतो. कोणी सबीहाची चौकशी केली तर "सासरी आहे, बरी आहे" म्हणतो. रामराव एकदा भेटायला आला होता. दोघं म्हातारे तासभर समोरासमोर बसले, मग रामराव उठून गेला.

रमजान ईदला मात्र त्याला राहवलं नाही. नमाज पढून तो पिंपळगावला गेला आणि गौसियाच्या दाराबाहेर, रस्त्यावरच उभा राहिला. आत गौसियाच्या खोकल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं सबीहा बाहेर आली. वाळली होती. हातात शीरखुर्म्याची वाटी. तिनं ती ओट्याच्या कडेवर ठेवली आणि दोन पावलं मागं सरकली.

बशीरनं उभ्याउभ्याच खाल्लं. वाटी होती तिथं ठेवली.

"गोळी घेता काय?" तिनं विचारलं.

"घेतो."

"जा मग. खामगावची गाडी निघून जाईन."

त्यानं दुवा द्यायला हात उचलला, पण ती वाटी घेऊन आत वळली होती. दाराची कडी आतून लागली. बशीर बसस्टँडकडं चालू लागला.