भिंतीवरच्या बापाचं रक्त

गावच्या दवाखान्याची पुढची भिंत रंगवायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा मी केवढा खूश झालो होतो. शाळेत चित्रकला शिकवतो मी. संग्रामपूरहून चांगले ऑइलपेंट आणले. सिकलसेल म्हणजे काय, हे अडाणी माणसालाही कळेल असं चित्र हवं होतं.

सिस्टरनं सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब लावलेली काच ठेवून दाखवली. फिकट गुलाबी, गोल गोल पेशी, अन् त्यांच्यात मधेच विळ्यासारख्या वाकलेल्या. काय देखणं होतं ते! मग आठवलं, माझ्या पोरीच्या अंगात हेच आहे. थंडीत तिचे गुडघे धरतात तेव्हा ती उशी दातांत दाबून रडते. देखणं वाटल्याची मला लाज वाटली.

पोरगी सात वर्षांची असताना डॉक्टरांनी आम्हा नवराबायकोला समोर बसवून सांगितलं होतं, एक दोष आईकडून आला, एक बापाकडून, दोन्ही मिळाले म्हणून पोरीला आजार झाला. तपासणीत आम्हा दोघांच्याही रक्तात तो एकेक दोष निघाला होता. घरी येऊन मी माझ्या आईला एवढंच सांगितलं की रक्ताचा आजार आहे. तिनं लगेच ठरवून टाकलं, हे सुनेच्या माहेरचं. मी गप्प बसलो. आज सांगू, उद्या सांगू करता करता सहा वर्षं गेली. आला-गेला पाहुणा बसला की आई सुनेच्या माहेराचा उद्धार करायची, बायको खाली मान घालून पोळ्या लाटायची, अन् मी मोठा शहाणा, पेपर वाचत बसायचो.

भिंतीवर मी आई, बाप अन् मधे पोरगी काढली. तिघांच्या छातीवर एकेक मोठं वर्तुळ, त्यात पेशी. पोरीच्या वाकड्या. आईच्या अर्ध्या गोल, अर्ध्या वाकड्या. बापाच्या मात्र सगळ्या गोल, एकसारख्या, मन लावून काढलेल्या. देवाशपथ, मुद्दाम नाही केलं. हात तसाच चालला. पण हात माझाच होता ना?

दुपारी बायको डबा घेऊन आली. डॉक्टरांनी समजावलेलं ती विसरली नव्हती. बराच वेळ भिंतीकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "इथंबी मीच काय?"

मी घाईघाईनं ब्रश बुडवला, आत्ताच दुरुस्त करतो म्हणालो. तिनं डबा पायरीवर ठेवला.

"भिंत राहू द्या," ती म्हणाली. "आईले सांगा."

बापाच्या अर्ध्या पेशी मी त्याच दिवशी वाकवल्या. आई दर सोमवारी बीपीच्या गोळ्या घ्यायला जाते, त्याच भिंतीखाली बसते. परवा मी तिला आणायला गेलो, तर चित्राकडं बोट करून विचारू लागली, या बापाले काय झालं बाप्पा? बाकावर गावातली चार माणसं बसली होती. घरी गेल्यावर सांगतो, म्हटलं. गाडीवर मागं बसून तिनं पुन्हा विचारलं. मला ऐकू आलं होतं. मी गाडीचा वेग वाढवला.