शेळीच्या कपाळावरचे कुंकू

आज सकाळी कुणीतरी तहसील कचेरीच्या फाटकाला शेळी बांधून गेले आणि त्या उग्र वासाने लोकांचे अर्ज लिहिता लिहिता माझी लेखणी अडली. बऱ्याच वर्षांपूर्वी श्रीवर्धनच्या याच आवारात, मी लिहिलेल्या अर्जावर विधवा पार्वतीबाईंना सरकारी योजनेतून शेळी मिळाली होती. त्यांचे पोट आता तिच्यावरच चालायचे होते. नवे जनावर घरी नेताना कुंकू लावतात, म्हणून त्या पुडी घेऊन शेळीसमोर बसल्या. तोच सोबत आलेल्या जाऊबाईंनी त्यांचे मनगट धरले.

"तू न्हाय लावायचं. दूध आटंल तिचं."

"लेंड्या मी काढायच्या आणि कुंकू तेवढं तुझं, व्हय?"

पार्वतीबाईंनी चिमूट लावलीच. शेळीने लगेच त्यांच्या कपाळाला कपाळ घासले आणि तिथे लाल डाग उमटला.

"पुसू का, भाऊ?" त्यांनी मला विचारले.

तालुक्यात कोणत्याही कलमाचे उत्तर माझ्यापाशी असते. तेव्हा मात्र मी पेनाचे टोपण शोधत राहिलो. उत्तराची वाट न पाहता त्या शेळी घेऊन, डागासकट निघाल्या. फाटकाबाहेर गेल्यावर त्यांनी तो पुसला की नाही, हे मला दिसले नाही. आणि तेच अजून मला स्वस्थ बसू देत नाही.