अनंताचं बाळंतपण

दगडाबाई गेल्याचं धुळानं फोनवर सांगितलं, तेव्हा आप्पासोंना वाईट वाटण्याआधी लाज वाटली. खंडाळ्यात भिंतीला भिंत लावून इतकी वर्षं काढली, पण बाईंचं माहेर कुठलं हे काही त्यांना ठाऊक नव्हतं. शाळेत किती शिकल्या होत्या, गोड आवडायचं की तिखट, तेही ठाऊक नव्हतं. आप्पासो मुळात बुजरे. शेजारीण दारात दिसली की हे चष्मा पुसायला घ्यायचे. त्यांना माहीत होतं ते एवढंच, की बाईंकडं अनंताचं एक झाड होतं आणि ते त्यांनी खंडाळ्यातून आटपाडीच्या माळावर नेऊन जगवलं. त्या एका गोष्टीत मात्र आप्पासो पहिल्यापासून शेवटपर्यंत होते.

दगडाबाईंचा नवरा धुळा खंडाळ्याजवळच्या एका कारखान्यात वॉचमन होता. आटपाडीकडच्या मेंढक्याचं पोर, पोटासाठी इकडं आलं आणि इकडंच म्हातारं झालं. नोकरी संपली तशी खोली सोडायची वेळ आली. गावाकडं भावाच्या घराला लागून त्यानं दोन खोल्या बांधल्या होत्या. तिकडं आता कालव्याचं पाणी आलं होतं, माळावर डाळिंबं उभी राहिली होती. धुळा हरखून गेला होता. दगडाबाई हरखल्या नव्हत्या.

"यीन की मी," त्या म्हणाल्या. "पन झाड संगं येईल. ते जगलं तर मी तितं ऱ्हाईन. मेलं तर पोराकडं पिंपरीला जाईन. तुमी बसा माळावर ढेकळं मोजत."

"आगं, झाडापायी नवरा सोडतीस व्हय?"

"नवरा कुटंबी तगतोय. झाडाचं तसं न्हाई."

हे सगळं भिंतीपलीकडून आप्पासोंना ऐकू आलं. बाई बोलल्या की बोलल्या, हे धुळालाही माहीत होतं. तो संध्याकाळी येऊन ओट्यावर बसला. "आप्पासो, तुमी जरा वाचता-बिचता. जगंल का वो ते?"

अनंताला तांबडी, भुसभुशीत माती लागते. आटपाडीचा माळ म्हणजे मुरूम आणि चुनखडी. झाड जुनं, खोड मनगटाएवढं. आप्पासोंना वाटलं, छे, जगत नाही. पण तोंडातून आलं, "बघू या."

भादव्यातला ढगाळ दिवस धरून कामाला हात घातला. उपटायच्या आधी फांद्या छाटायला हव्यात, म्हणजे तोडलेल्या मुळांवर पानांचा भार पडत नाही, एवढं आप्पासोंनी चाचरत सांगितलं. दगडाबाईंना ते पटलं, पण हात उचलेना. शेवटी धुळानं पेटीतून मेंढरं कातरायची जुनी कातर काढली आणि झाड सगळीकडून सारखं भादरून टाकलं. जाड फांद्यांना कोयता लावला.

"बघा, मेंढरू दिसतंय का न्हाई?" तो म्हणाला.

"मेंढराला परत लोकर येती. हितं काय आलं न्हाई तर तुमाला भादरीन," दगडाबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपून खाली बसल्या, खुरप्यानं कडेची माती उकरायला.

मुळांभोवतीच्या मातीचा गड्डा मोकळा झाला. तो फुटू नये म्हणून कशात बांधायचा? पोत्यातून माती गळत होती. मग धुळानं आत जाऊन आपलं घोंगडं आणलं. बापाच्या हातचं होतं ते, अजून घट्ट. ओलं करून त्यांनी गड्डा त्यात आवळला आणि वरून काथ्या गुंडाळला. जुन्या जागची माती चार पोती भरून घेतली. टेम्पोत झाड आडवं घालायला बाई तयार होईनात. कुणीतरी धरून बसायला हवं होतं. धुळाची कंबर दुखत होती. अशा रीतीनं आप्पासो, जे शेजारच्या लग्नालाही जायचे नाहीत, ते फलटण, दहिवडी, म्हसवड असं करत एका झाडाला मिठी मारून आटपाडीकडं निघाले. वाटेत माणसं बघून हसत होती. आप्पासोंनी टोपी डोळ्यांवर ओढली.

गावात पोचले तर धुळाची भावजय बनुबाई दारात उभीच. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, दगडाबाईंच्या पायावर पाणी घातलं. मग तिची नजर घोंगड्यात गुंडाळलेल्या झाडाकडं गेली.

"ही बी लांबनंच आलीया की," असं म्हणून तिनं दुसरा तांब्या झाडाच्या बुडात ओतला. सगळी आळी हसली. खड्डा तयार होता. घोंगडं सोडून, जुनी माती चौफेर घालून झाड उभं केलं, आंबवणीचं पहिलं पाणी दिलं. काम नीट झालं होतं.

बिघडलं ते पुढं. ज्या माळावर पाण्याच्या एका घागरीसाठी बायकांनी उन्हातान्हात पायपीट केली होती, तिथं आलेल्याच्या पायावर पाणी घालण्याएवढा मान दुसरा नाही. दुसऱ्या दिवशी आळीतली प्रत्येक बाई झाड बघायला आली, आणि रिकाम्या हातानं कशी येईल? कुणी तांब्या आणला, कुणी कळशी. तिसऱ्या दिवशीही तेच. नको म्हणायची सोय नव्हती. ज्या आळीत जन्म काढायचा, तिचं पाणी दारातून परतवायचं कसं? आणि सगळ्यांत जास्त पाणी घालत होता तो धुळा. तोंड धुतलं की तिथं, हात धुतले की तिथं. बायको टिकवायची होती त्याला.

पानं खाली लोंबायला लागली. जो तो म्हणे, तहान लागली आहे. मग आणखी पाणी.

पाहुणा म्हणून थांबलेले आप्पासो रोज सकाळी झाडापाशी जाऊन उभे राहायचे. त्यांना शंका येत होती. मुरमात खणलेला खड्डा म्हणजे रांजणच. आत पडलेलं पाणी जाणार कुठं? पण सांगणार कुणाला? आपल्याला काय कळतं? त्यांनी एक काडी बुडात खोल खुपसली आणि बाहेर काढून हुंगली. नासका वास आला. तरी ती काडी त्यांनी दिवसभर खिशातच बाळगली. संध्याकाळी दगडाबाई ट्रंकेतली लुगडी काढायच्या ऐवजी परत घड्या घालून आत ठेवताना दिसल्या. पलीकडं धुळा भिंतीला टेकून बसला होता, चेहरा पार उतरलेला. तेव्हा कुठं आप्पासोंना कंठ फुटला.

"वहिनी, झाड तहानेलं नाही. बुडतंय."

काडी त्यांनी पुढं केली. दगडाबाईंनी हुंगली. नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "तोंड धुवायला दुसरी जागा घावली न्हाई व्हय तुमाला?"

धुळानं पहार घेतली आणि खड्ड्याच्या उताराच्या बाजूनं चर खणला. काळपट पाणी वाहून गेलं. पण उद्या सकाळी बायका कळशा घेऊन येणार, त्यांचं काय? दगडाबाई उठल्या. चार काठ्या रोवून त्यांनी झाडावर घोंगड्याचा आडोसा केला आणि पुढं कडुलिंबाचा डहाळा बांधला, बाळंतिणीच्या दाराला बांधतात तसा.

सकाळी बनुबाई तांब्या घेऊन आली आणि डहाळा बघून थबकली. "ह्ये काय गं?"

"बाळतीण हाय ती," दगडाबाई म्हणाल्या. "लांबचा परवास झालाय, अंग ओलं हाय. गार पानी चालायचं न्हाई तिला, वारं बी लागू द्याचं न्हाई."

बनुबाईनं तांब्या खाली ठेवला. मग तोंडाला पदर लावून इतकी हसली, की शेजारच्या बाया गोळा झाल्या. पण कुणाला वाईट वाटलं नाही. बाळंतिणीला काय चालतं नि काय नाही, हे तिथल्या एकीलाही शिकवायला नको होतं. उलट बनुबाईच राखण करायला बसली. धुळा हात धुवायला तिकडं वळला तर ओरडली, "आवं भावजी, लाज हाय का? बाळतिणीच्या खोलीत कशापायी शिरताय?"

धुळा हात तसेच खरकटे घेऊन माघारी फिरला.

लोंबलेली पानं गळून गेली. नुसतं खोड आणि काटक्या उरल्या. दगडाबाई ट्रंकेला हात लावत नव्हत्या. काढतही नव्हत्या, भरतही नव्हत्या. मग एका सकाळी बनुबाईची हाक आळीभर घुमली. कातरलेल्या फांदीच्या बेचक्यातून मुगाच्या डाळीएवढा हिरवा, चकचकीत कोंब वर आला होता. धुळानं तो बघितला आणि घरात जाऊन ट्रंकेतली लुगडी स्वतःच्या हातानं दांडीवर टाकली.

वैशाखात खंडाळ्याला धुळाचा फोन आला. "आप्पासो, फुललं! आज निगायचं, उद्या न्हाई!"

आप्पासो आयुष्यात पहिल्यांदा बोलावल्याबरोबर गेले. झाड आडवं फुटलं होतं, पहिल्याहून दाट. लोण्यासारखी पांढरी फुलं पानापानांत, आणि वास पार रस्त्यापर्यंत. पहिलं फूल बिरोबाला गेलं होतं. आळीतल्या एकूण एक बाईच्या अंबाड्यात अनंत होता. बनुबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "आमच्या हातचं बाळतपन हाय, वाया जातंय का?" आणि धुळा दारात खुर्ची टाकून असा बसला होता, की जणू फुलं त्यालाच आली आहेत. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, की पाणी कमी करा हे ह्या माणसानं ओळखलं. आप्पासोंनी चष्मा पुसायला घेतला. पण या खेपेला त्यांना आतून फार बरं वाटत होतं.

परत निघताना दोघं नवरा-बायको आटपाडीच्या स्टँडवर सोडायला आले. धुळा गाडीची चौकशी करायला गेला. आप्पासोंना काहीतरी बोलायचं होतं. हे झाड कुणी दिलं होतं, असं विचारावं का? ते विचार करत राहिले आणि एसटी लागली.

दगडाबाई खिडकीपाशी आल्या. त्यांचा पाटा-वरवंटा अजून आप्पासोंच्या परसात पडून होता. खंडाळा सोडताना टेम्पोत जागा असूनही, झाडाचा भरवसा नव्हता म्हणून, त्यांनी तो मागं ठेवला होता.

"भावजी, माझा पाटा ऱ्हायलाय तुमच्याकडं. पुडल्या खेपेला येताना घिऊन या."

"आणतो."

"आन वरवंटा इसरू नका. निस्ता पाटा घिऊन काय करू?"

"नाही विसरत, वहिनी."