कुलूपवाल्यांचा पायलट झाला तेव्हा

आमच्या समोरच्या दारात प्रेमकादंबऱ्या लिहिणाऱ्या बाई राहतात. दारावर पाटी मात्र त्यांच्या यजमानांची आहे. यजमान लिफ्ट दुरुस्त करतात, आणि लिफ्टमध्ये कोणी अडकलं की बाकीच्यांना हे दार झटकन सापडावं लागतं. प्रेमकादंबरी इतकी तातडीची कोणाला लागत नाही, असं यजमानांचं म्हणणं. बाईंचं म्हणणं वेगळं आहे, पण पाटी अजून तीच आहे.

मध्यंतरी एका मासिकानं बाईंची मुलाखत छापली. "कथाबीजं कुठे सापडतात?" या प्रश्नावर बाईंनी उत्तर दिलं, "निसर्गात." आता बाईंचा निसर्ग मला तोंडपाठ आहे. त्यांच्या गॅलरीत एक निवडुंग आहे, आणि ही मंडळी बाहेरगावी गेली की त्याला पाणीही मीच घालतो. खरी कथाबीजं सापडतात ती दवाखान्याच्या बाकावर, बसच्या रांगेत, आणि खोटं कशाला बोलू, थोडीफार माझ्याकडे. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्याची बायको रुसून माहेरी गेली ती परत कशी आली, हे मी एका चहात सांगितलं आणि बाईंकडे त्याची दोनशे पानं झाली. पुस्तकात दंतवैद्याला हृदयरोगतज्ज्ञ केलं होतं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "अहो, दाताच्या डॉक्टरसाठी कोणी झुरत नाही." दंतवैद्यानं पुस्तक वाचलं, डोळे पुसले आणि म्हणाला, "बिचारा!" त्याला आजतागायत पत्ता नाही.

बाईंची लिहायची रीतही न्यारी. नायकाचं प्रत्येक वाक्य आधी यजमानांनी मोठ्यांदा म्हणून दाखवायचं. त्यांना न हसता म्हणता आलं तर ते पुस्तकात राहतं. सकाळी आमच्या जिन्यात जे ऐकू येतं ते असं:

"तुझ्याशिवाय माझं आयुष्य म्हणजे वाळवंट आहे."

"अहो, मीटरचं रीडिंग सांगितल्यासारखं काय म्हणताय? जरा जीव ओता."

"ओततो. आधी हा रॉकेलचा वास कुठून येतोय ते बघ."

"तो तुमच्याच शर्टाला येतोय!"

एकदा कुरिअरवाला बेल वाजवता वाजवता थांबला, कारण आतून यजमान ओरडत होते, "नको जाऊस, मी मरेन!" त्यानं पाकीट माझ्या हातात कोंबलं. "घरचं चाललंय त्यांचं, सावकाश द्या," म्हणाला आणि पायऱ्या उतरून पळाला.

या घरातलं तिसरं माणूस म्हणजे यजमानांची धाकटी बहीण. बाई तिला रीतसर वन्सं म्हणतात, आणि ऐकून ऐकून सगळी इमारत म्हणते. दूधवालासुद्धा. खरं तर ती एकट्या बाईंचीच नणंद, पण आम्ही वाटून घेतली. वय चाळिशीच्या पलीकडे, लग्नाचं कधी जमलं नाही आणि जमलं नाही म्हणून अडलंही नाही. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. आता चष्म्याचं दुकान म्हणजे बाईंच्या दृष्टीनं सोन्याची खाण. फ्रेम चढवून माणूस वळतो आणि सोबतच्याला विचारतो, "कसा दिसतो?" त्या एका उत्तरावरून कोणाचं कोणाशी काय चाललंय, ते वन्संना कळतं. संध्याकाळी जेवताना त्या दिवसभराचा वृत्तांत देतात आणि बाईंची भाजी ताटात गार होते.

असंच एकदा वन्संनी हसत सांगितलं की बाजारातल्या कुलपांच्या दुकानाचे मालक दर आठवड्याला येतात. चष्म्याची काडी सैल झाली म्हणतात. वन्सं स्क्रू आवळून देतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा सैल.

"वन्सं," बाईंनी चमचा खाली ठेवला. "कुलूपवाले म्हणजे दिवसभर तेच बारीक स्क्रू आणि तेच बारीक पेचकस ना?"

"खिशालाच अडकवलेला असतो की."

"मग तुमच्याकडे कशाला येतो मेला?"

वन्संच्या हे लक्षात आलं नव्हतं असं त्या म्हणाल्या. त्यांचे कान मात्र लाल झाले, हे बाईंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"मग आवळून दिल्यावर काय म्हणाला?" त्या रात्री बाई वन्संना सोडेनात.

"थँक्यू म्हणाला."

"जाताना वळून बघितलं?"

"दार ढकलायचं की ओढायचं ते बघत होता."

त्याच आठवड्यात बाईंची एका साप्ताहिकात नवी मालिका सुरू झाली. त्यात नायक पायलट होता आणि दर आठवड्याला नायिकेकडून चष्म्याचा स्क्रू आवळून घेत होता. "पायलटचं विमान सोडून एवढं लक्ष चष्म्यात?" यजमानांनी विचारलं, तेव्हा बाईंनी चष्म्याचा गॉगल केला. नायिकेच्या वयातून त्यांनी पंचवीस वर्षं वजा केली आणि तिला गुडघ्यापर्यंत केस दिले. वन्संनी मालिका वाचलीच नाही. "दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघते. घरी आल्यावर माझ्या डोळ्यांना सुट्टी," असं त्यांचं कायमचं उत्तर.

कुलूपवाले मात्र वाचत होते. गिऱ्हाईक नसेल तेव्हा दुकानात करायचं काय? आणि "ही माझी वहिनी" असं वन्संनीच त्यांना साप्ताहिकातला फोटो दाखवून अभिमानानं सांगितलेलं. गृहस्थ सरळमार्गी. त्यांनी त्यांच्या परीनं हिशेब लावला: तोंडानं सांगायला संकोच वाटतो म्हणून वन्सं वहिनीकडून कळवतायत.

पायलटनं पांढरी फुलं नेली. चार दिवसांनी कुलूपवाले पांढरी फुलं घेऊन चष्म्याच्या दुकानात हजर. फुलं देताना त्यांची जीभ अडखळली आणि ते "पावती नको" म्हणाले. हे वन्संनी जेवताना सांगितलं, आणि पुढच्या अंकात पायलट अडखळला. पायलटनं नायिकेला बागेत नेलं. कुलूपवाल्यांनी वन्संना बागेत नेलं. बाईंना वाटे, काय सुंदर माणूस आहे, पुढचं प्रकरण आपणहोऊन करतो! कुलूपवाल्यांना वाटे, काय धीट बाई आहे, पुढचं सगळं आधीच सांगून टाकते! मधल्या मध्ये वन्सं साड्यांना इस्त्री करायला लागल्या होत्या. मी जिन्यात विचारलं, "वन्सं, आज काय विशेष?" तर म्हणाल्या, "तुमच्या नाकाला काय विशेष? जिथे तिथे असतं."

आणि मग संपादकांचा फोन आला. सगळं फार गोड चाललंय, वाचकांना आता ताटातूट हवी. बाईंनी लगेच केली. पायलटनं गॉगल काढून म्हटलं, "तुझ्या सुखासाठी मी दूर जातो," आणि तो ढगांत दिसेनासा झाला. यजमानांना हे वाक्य पहिल्याच खेपेला न हसता म्हणता आलं. बाईंनी ते शुभ मानलं.

कुलूपवाले चष्म्याच्या दुकानात यायचे बंद झाले.

वन्सं जेवताना गप्प. इस्त्री बंद. बाई मला म्हणाल्या, "अहो, काही सांगतच नाहीत हो. मी लिहू काय?" तरी त्यांनी शेवट लिहिला. नायिका म्हातारी होईपर्यंत विमानतळावर वाट बघते, पायलट येत नाही. संपादक म्हणाले, याला साहित्य म्हणतात, हे आम्ही वार्षिक पुरस्काराला पाठवणार. इतकी वर्षं लिहूनही बाईंना हा शब्द कोणी दिला नव्हता. त्या दिवशी त्या माझ्याशीसुद्धा शुद्ध भाषेत बोलल्या.

माझ्या कपाटाची किल्ली हरवली म्हणून मी कुलूपवाल्यांकडे गेलो. (हरवली नव्हती. पण जायला काहीतरी निमित्त लागतं.) गल्ल्याशेजारी साप्ताहिक पडलेलं, ताटातुटीच्या पानावरच दुमडलेलं.

"वाचता वाटतं?" मी विचारलं.

"वाचायचो." ते किल्ली घासत राहिले. "त्यांनी कळवलं ते बरं झालं. तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा बरं. मी काय पायलट आहे का?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी तडक समोरच्या दारात. तिघंही चहाला बसलेले. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

वन्संनी कप खाली ठेवला. "वहिनी, तू माझं छापलंस?"

"तुमचं कुठे? ती चोवीस वर्षांची आहे!"

"आणि त्याला मीच हाकललं असं त्याला वाटतंय?"

यजमानांनी घसा साफ केला. "शेवट बदल." कोणी लिहून न देता यजमान इतकं ठाम बोललेले मी प्रथमच ऐकलं.

"अहो, तो पुरस्काराला चाललाय!" बाईंचा आवाज खरोखर चिरकला. मग त्यांनी वन्संकडे पाहिलं, आणि दाढ उपटून घेणाऱ्या माणसाचा चेहरा करून पेन उचललं. "बरं. पायलट परत येतो. म्हणतो, तुझ्या डोळ्यांत मला आभाळ दिसलं."

"तो असं म्हणणार नाही," वन्सं म्हणाल्या.

"मी चुकलो, मला पदरात घे?"

"छे."

"मग म्हणेल तरी काय?"

"काही नाही म्हणणार. स्टुलावर बसेल आणि काड्या पुसत राहील."

"मग वाचकांना कळणार कसं?"

"वाचकांना कशाला कळायला हवंय?" वन्सं उठल्या. "आणि हे छापून येईपर्यंत आठवडा जाणार. तोवर तो घरात बसून झुरेल, की मी?"

त्यांनी चपला घातल्या आणि इस्त्री न केलेल्या साडीत निघाल्या. बाईंनी गॅलरी गाठली, मी बाईंच्या मागे. कोपऱ्यावर वळेपर्यंत वन्संनी एकदाही वर पाहिलं नाही.

दिवे लागायच्या सुमाराला परत आल्या. बाई दारातच उभ्या. "काय म्हणालात? तो काय म्हणाला? आधी कोण बोललं?"

"रविवारी जेवायला येतोय," वन्सं म्हणाल्या. "बाकीचं माझं."

"अहो, एक वाक्य तरी!"

"नाही. आणि तो शेवट बदलू नकोस गं. रडका चांगला आहे."

शेवट तसाच छापला. बाईंना पुरस्कार मिळाला. परीक्षकांनी 'जीवनाचं निर्दय वास्तव' असं काहीसं म्हटलं. समारंभाला पहिल्या रांगेत वन्सं आणि कुलूपवाले शेजारी शेजारी बसून ते वास्तव ऐकत होते. कुलूपवाले तर नायिकेच्या म्हातारपणावर रडले. त्या दोघांनी पुढे नोंदणी कार्यालयात लग्न केलं, साक्षीदार म्हणून सही माझी आहे.

त्या संध्याकाळी कुलपांच्या दुकानात काय झालं, ते बाईंना अजून कळलेलं नाही. चहा, नाश्ता, वशिला, रुसवा, सगळं करून झालं. मला मात्र कुलूपवाल्यांनी एकदा आपणहोऊन सांगितलं. वन्सं आत गेल्या, स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "गेला तो पायलट. तुम्ही कुठे निघालात?"

हे इथे लिहायला काही हरकत नाही. बाई स्वतःचं सोडून दुसऱ्या कोणाचं वाचत नाहीत.