करीमभाईंची निळी ज्योत

करीमभाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात शिकवत होतो. सकाळी दार लावलेल्या मोटारखान्यात, मोटारीच्या नळीशी बसल्या जागीच ते गेले होते. जाऊन पाहतो तर खाटेवर निजवलेले, गाल लालबुंद, आत्ताच उन्हातून चालून आल्यासारखे. लोक म्हणत होते, चेहऱ्यावर किती तेज आहे. ती लाली कशाची, हे मला कळत होतं.

महायुद्धामुळे पेट्रोल मिळेना, म्हणून हिंगोली-कळमनुरी मोटारीच्या मागे कोळशाची उभी टाकी बसवली होती. निखाऱ्यांतून निघणाऱ्या गॅसवर मोटार चाले आणि त्या गॅसची पारख करीमभाईंकडे. सकाळी हातपंखा फिरवायचा, नळीची तोटी उघडून काडी लावायची आणि ज्योत बघायची. पिवळी असली तर कोळसा ओला. निळी झाली की स्वारी खूश! मी विज्ञानाचा मास्तर, मला या उद्योगाची भारी हौस. शाळेतली काचेची नळी नेऊन मी गॅसमधला कार्बन मोनॉक्साइड किती, हायड्रोजन किती ते मोजायला बसे. करीमभाई हसत. "मास्तर, तुमची नळी अन् माझी काडी बराबर एकच सांगून राहिली!"

थंडीत वारं सुटलं. ज्योत फडफडायची, रंग समजेना. "दार लावून घ्या, मगच खरा रंग दिसेल," असं त्यांना सांगितलं ते मीच... पुढच्या आठवड्यात ते कपाळ दाबत भेटले.

"काहून कोण जाणे, डोकं लई जड येऊन राहिलं."

"धूर कमी खा," मी म्हणालो.

"धूर कुठंय मास्तर? वास बी न्हाई."

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो विषारी असतो आणि रक्त लालबुंद करतो, हे मी दरवर्षी पोरांकडून घोकून घेतो. स्वतःची लाज वाटते.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला गेलो. भाभींनी, करीमभाईंच्या बायकोनं, खिरीची वाटी पुढे ठेवली. "मास्तर, तुमी शिकलेले. त्या गॅसानं जीव जातो, हे ठाऊक व्हतं का वो कुणाला?"

मी "नाही" म्हणालो... आणि खीर संपवली.

भाभींना वाचता येत नाही, त्यांच्या लेकीला येतं. तिनं हे आईला मोठ्यानं वाचून दाखवावं, एवढ्यासाठी लिहिलं. मला ठाऊक होतं, भाभी.